उपनगर 'श्रीमंत' की 'मध्यमवर्गीय', हे ठरवता कशावरून?

एखाद्या उपनगरावर बसलेला शिक्का आकड्यांपुढे कितपत टिकतो? हे काम करणाऱ्यांनी आपली पद्धत आणि नेहमीच्या चुका लिहाव्यात.

*

सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा. दहा घरांचं उत्पन्न समजा ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ६, ७ आणि ९०. मध्यक ५, सरासरी १३.३. दहातली नऊ घरं सरासरीच्या खाली, आणि एका बंगल्यापायी अख्खी वस्ती श्रीमंत!

*

मध्यकाचं पटलं, पण घरात माणसं किती तेही पाहा. चौघांत १२ आणि एकट्याला ७, यात एकटा वरचढ. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अलीकडच्या अहवालांतली रीत सोपी आहे: घराचं उत्पन्न भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. चौघांचे होतात ६. सरळ दरडोई काढलं तर ३ येतात. ते फार कमी, कारण छप्पर आणि चूल एकच असते.

*

मला सगळ्यात जास्त खटकतं ते उत्पन्न आणि मालमत्ता यांची गल्लत. निवृत्तांच्या वस्तीत उत्पन्न कमी दिसतं, पण घरं कर्जमुक्त असतात. शेजारच्या नव्या वसाहतीत पगार मोठे, हप्तेही मोठे. उत्पन्न १०, हप्ता ४. उत्पन्न ७, देखभाल १. हातात दोघांच्या ६च. म्हणून भाडं, हप्ता आणि रोजच्या प्रवासाचा खर्च वजा करूनच तुलना करा. शिवाय पगाराचा आकडा राहत्या जागेचा आहे की कामाच्या, हे आधी तपासा. कचेऱ्यांचं उपनगर कागदावर श्रीमंत दिसतं. ते पगार घेणारे संध्याकाळी दुसरीकडे घरी जातात.

*

हद्द कुठे आखली यावरही आकडा फिरतो. स्टेशनजवळचे भाडेकरू आणि टेकडीवरचे बंगले एकाच हद्दीत आले, तर मध्यक दोघांचाही नसतो. प्रभागवार फोडा, पण मग प्रत्येक प्रभागातला नमुना, म्हणजे विचारलेली घरं, कमी होतात आणि अंदाजातली त्रुटी वाढते. त्रुटी निम्मी करायला नमुना चौपट लागतो. दोन प्रभागांतला फरक त्रुटीएवढाच असेल, तर क्रम लावूच नका.

*

लोकांचं मत विचारताना रहिवासी आणि बाहेरचे वेगळे ठेवा. बाहेरच्याला रस्त्यावरून दिसतं तेवढंच ठाऊक: दर्शनी भाग, झाडं, गाड्या. गाडी कर्जाची आहे की रोखीची, ते दिसत नाही. रहिवासी, खालचे असोत वा वरचे, बहुतेक स्वतःला मधल्या वर्गात बसवतात. म्हणून वर्गाचा प्रश्न आधी आणि उत्पन्नाचा गट शेवटी विचारावा. उलट केलं तर सांगितलेल्या आकड्याला साजेसा वर्ग निवडला जातो.