टॅबलेटला पैसे मिळतात, ताईंच्या पगाराला का मिळत नाहीत?

साइटवरची_शाळा: वाघोलीतल्या एका बांधकामावर आम्ही पाळणाघर चालवायचो. पत्र्याची खोली, बावीस मुलं. एका फाउंडेशनने वर्षभर पैसे दिले. टॅबलेट आले, दप्तरं आली, भिंतींवर हत्ती-घोडे रंगवून झाले. मार्चला प्रकल्प संपला नि ताईंचा पगार थांबला. त्या आता स्वयंपाकाची कामं धरतात. टॅबलेट कपाटात आहेत. दोन वर्षांची एक पोर अजून सकाळी येऊन कडी वाजवते, मग आईमागे विटांच्या ढिगाकडे जाते. लहान मुलांच्या कामात माणूस हाच मुख्य खर्च. तो द्यायचा नसेल तर बाकीचं देऊन उपयोग काय?

सदाशिवपेठी_लेखापाल: तळमळ कळते, पण मी ट्रस्टांची ऑडिटं करतो. विश्वस्तांच्या गाडीचं पेट्रोल 'बालविकास' खात्यात टाकलेलं मी स्वतः पकडलंय. देणारा हात आखडता घेतो तो उगाच नाही. शिवाय कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चात, प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे.

साइटवरची_शाळा: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे हो. मुलांना भरवणाऱ्या, झोपवणाऱ्या ताईंचा पगार हा प्रकल्पाचा थेट खर्च, तो त्यात येत नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. तरी अर्जात 'मानधन' दिसलं की पहिली काट तिथेच बसते.

हडपसरकर: मुळात देणगी मागायचीच कशाला? नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी प्रशिक्षित बाई द्यावीच लागायची. वर बांधकाम खर्चावर कामगार कल्याणासाठी 1 टक्का उपकर जातो. कायद्याने बिल्डरवर टाकलेलं ओझं तुम्ही देणग्यांवर उचलता, म्हणून त्याला कुणी जाब विचारत नाही. मला हे चुकीचं वाटतं, अगदी मनापासून.

साइटवरची_शाळा: जाब विचारलाय. चार ठेकेदार, चार हजेरीवह्या, एकीतही पन्नास बायका नाहीत. कामगार कार्यालयात अर्ज दिलाय, पाठपुरावा चालू आहे. पण तो निकाली निघेपर्यंत ही इमारत उभी राहील आणि बिऱ्हाडं दुसऱ्या साइटवर जातील. ती पोर तोवर कुठे बसणार?

हडपसरकर: पाळणाघर चालवा, पण तो अर्ज सोडू नका. एवढंच म्हणणं.

सदाशिवपेठी_लेखापाल: 5 टक्क्यांचं तुमचं बरोबर, मी नियम पुन्हा वाचला. पण पगार थेट ताईंच्या बँक खात्यात आणि मुलांची रोजची हजेरी, हे दोन्ही असेल तरच मी देणाऱ्याला तीन वर्षांसाठी गळ घालेन. आहे का?

साइटवरची_शाळा: आहे. कोण किती वाजता आलं, काय खाल्लं, ताप होता का, सगळं ताईंच्या अक्षरात. शनिवारी वह्या घेऊन येते.