बेळगाव, खानापूर, निपाणी: आत्मविश्वासासाठी तुम्ही कुठे गेलात? (अनुभव धागा)

गोवावेस (धागाकर्ती)

दहावी-बारावीचे निकाल लागले की कॉलेज रोडपासून अनगोळपर्यंत विजेच्या खांबांवर एकच पीक येतं. 'व्यक्तिमत्त्व विकास', 'सभाधीटपणा', 'स्पोकन इंग्लिश', आणि खाली मोबाइल नंबर. शिकवणारा कोण, कुठल्या भाषेत शिकवणार, याचा पत्ता नसतो. आपल्याकडे तर घरात मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड आणि मुलाखतीत इंग्रजी. मराठी शाळेत पहिली आलेली पोर कचेरीच्या खिडकीपुढे मुकी होते आणि घरचे म्हणतात, हिच्यात आत्मविश्वासच नाही.

जे खरोखर कुठेतरी गेलेत त्यांनी लिहा. भीती नेमकी कशाची होती, कुठे गेलात, समोरचा मराठीत बोलला का, शेवटची बस गाठता आली का. सरकारी आणि सार्वजनिक संस्थांची नावं चालतील. खासगी क्लासवाल्यांची नावं-नंबर नकोत, नाहीतर धाग्याची जाहिरात होते.

मलप्रभाकाठी (खानापूर तालुका)

माझी भीती बँकेची. आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष, पण मॅनेजरसाहेब कन्नड बोलणारे, म्हणून दर वेळी सेक्रेटरीच्या नवऱ्याला पुढं घालायचं. पैसे आमचे, बोलणार तो!

मी दोन ठिकाणी गेले. पहिलं म्हणजे आरसेटी, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ही बँकांनी चालवलेली असते, जिल्ह्याजिल्ह्यात असते, शिकवणं, राहणं, जेवण सगळं फुकट. मी शिवणकामासाठी गेले होते. मशीनला हात लावायच्या आधीच तिथं खेळ सुरू झाले. एक खुंटी ठेवतात आणि रिंग टाकायला सांगतात. किती लांबून टाकायची ते आपणच ठरवायचं, लांबून टाकली तर गुण जास्त. आम्ही निम्म्याजणी खुंटीला चिकटून उभ्या, दोघीतिघी उगाच भिंतीपाशी. मग सरांनी प्रत्येकीला उभं करून विचारलं, तू तिथंच का उभी राहिलीस? त्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी आयुष्यात पहिल्यांदा भरल्या खोलीत सलग बोलले. शिकवणं बरंचसं कन्नडमध्ये होतं, शेजारणीला विचारून विचारून चाललं.

दुसरं, एक निवृत्त कन्नड शिक्षिका. त्या आम्हा चौघींना घरी शिकवायच्या. व्याकरण नाहीच, आधी उपयोगाची वाक्यं. 'ननगे कन्नड स्वल्प बरुत्तदे', म्हणजे मला कन्नड थोडं येतं. 'स्वल्प निधान हेळ्री', जरा सावकाश सांगा. ही दोन वाक्यं आली की समोरचा माणूस मऊ पडतो, हा माझा अनुभव. पाट्या वाचायचा सराव बसमध्ये. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही, त्यामुळं खानापूर-बेळगाव जाऊन येण्यात घरच्यांना कुरकुर करायला काही उरलं नाही. अलीकडं बँकेत मीच जाते. मॅनेजरसाहेब माझं कन्नड ऐकून हसतात, पण काम करून देतात.

उद्यमबाग

फौंड्रीत इंजिनीयर आहे. यंत्राशी माझं छान जमतं, ग्राहक ऑडिटला आला की घसा कोरडा. मित्रानं टोस्टमास्टर्स पद्धतीच्या एका इंग्रजी गटात नेलं. ही पद्धत 1924 ची, कॅलिफोर्नियातली. आयत्या वेळी विषय देतात आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. एक मिनिट झालं की हिरवा कार्ड, दीड मिनिटाला पिवळा, दोन मिनिटांना लाल. एक जण फक्त तुमचे 'अं... अं' मोजत बसतो. पहिल्या दिवशी माझे इतके निघाले की मोजणाऱ्याला पान पलटावं लागलं.

यात मास्तर कुणी नाही, सगळे एकमेकांचे परीक्षक. वर्गणी थोडी. पण एकदम इंग्रजीत उडी मारायची तर आपल्या बऱ्याच पोरांना झेपत नाही. म्हणून आम्ही गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत तेच मराठीतून सुरू केलं. कार्डांऐवजी मोबाइलचा गजर. जे पोर मराठीत दोन मिनिटं नीट उभं राहतं, ते इंग्रजीत पाय लटपटले तरी पळून जात नाही.

कडोलीकडचा

एवढं लांब कशाला जाता गा? कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, तिकडे कारदगा, गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, संध्याकाळी कविता. प्रत्येक ठिकाणी कामाला माणसं कमीच असतात. पहिल्या वर्षी खुर्च्या लावा, पाहुण्यांना आणायला जा. दुसऱ्या वर्षी आपोआप कुणीतरी म्हणतं, आभार तू मान.

आभार प्रदर्शन हे नवशिक्यासाठी सगळ्यात सुरक्षित भाषण. कुणी ऐकत नाही, सगळ्यांचा डोळा जेवणाच्या मांडवाकडं. नावं मात्र चुकवायची नाहीत, मंडपवाला विसरलात तर पुढच्या वर्षी मंडप मिळत नाही. मी आभारातून स्वागतावर, स्वागतातून सूत्रसंचालनावर आलो. फी शून्य.

आणि ऐकायला शिकायचं असेल तर शहरातलं सार्वजनिक वाचनालय आहे की, 1848 पासूनचं. तिथल्या व्याख्यानमालेत पुढच्या रांगेत बसा आणि वक्ता कुठे थांबतो, पाणी कधी पितो ते बघा.

टिळकवाडी ४

वरचे तिन्ही अनुभव सरावाचे आहेत. माझा वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नोकरदार. बैठकीच्या आदल्या रात्रीपासून झोप नाही, सकाळी जुलाब, बोलायची पाळी जवळ आली की छातीत धडधड. जेवताना कुणी बघत असेल तर चमचा थरथरायचा. आधी एका हॉटेलात भरलेल्या शिबिराला गेलो. महिन्याच्या पगाराचा मोठा लचका तोडणारी फी, मोठ्यानं संगीत, 'मी वाघ आहे' असं ओरडायचं. दोन दिवस वाघ होतो, सोमवारी ऑफिसात पुन्हा तेच. उलट वाटायला लागलं, एवढ्या लोकांना जमलं, मलाच नाही.

पुढं जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे बिम्सच्या, मनोविकार विभागात गेलो. केसपेपरला किरकोळ पैसे, गर्दी भरपूर. डॉक्टरांनी सांगितलं, हा बुजरा स्वभाव नव्हे, सोशल अँग्झायटी आहे आणि याला उपचार आहेत. काही दिवस गोळ्या, आणि सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे बसणं. मी मराठीत बोलू शकेन असा सायकॉलॉजिस्ट मुद्दाम शोधला. छातीत नेमकं काय होतं ते मला इंग्रजीत सांगताच आलं नसतं.

तिथं भीतीची शिडी करतात. सगळ्यात सोपी पायरी खाली, अवघड वर. माझी खालची पायरी: खडेबाजारात दुकानात जाऊन भाव विचारायचा आणि काही न घेता बाहेर पडायचं. मग हॉटेलात दिलेली ऑर्डर बदलून मागायची. मग फोन, मग बैठकीत एकच प्रश्न. नियम एक: धडधड सुरू झाली की पळायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. उतरते. पळालं की भीतीला वाटतं तिचंच खरं. आजही बैठकीआधी पोट गडबडतं, पण बोलतो.

शोधणाऱ्यांसाठी एवढं: गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतो, मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारा, खरा माणूस रागावत नाही. नुसतं 'काउन्सेलर' किंवा 'माइंड कोच' असं पाटीवर लिहायला मात्र फारसं कुणी अडवत नाही. धारवाडला डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयही आहे.

शहापूरची आई

सगळ्याच क्लासना झोडपू नका हो. माझ्या मुलीला सुट्टीतल्या वर्गाचा उपयोग झाला. बाई दर शनिवारी मुलांचं बोलणं मोबाइलवर घेऊन त्यांनाच दाखवायच्या. मुलीला कळलं की आपल्याला वाटतं तेवढे आपण घाबरलेले दिसत नाही. वर्गात मुलं मोजकी होती, हे महत्त्वाचं. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला मिळणार कधी?

अर्जुननगर

निपाणीचा. कॉलेज देवचंदला, म्हणजे घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात. मी अडखळत बोलतो. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचं तर 'प्र' वर गाडी अडायची, सर गैरहजेरी मांडून पुढं जायचे.

लहानपणी जिभेखाली खडा ठेव, वेखंड चाट, सगळं झालं. पेपरातल्या 'पंधरा दिवसांत तोतरेपणा गायब'वाल्याकडंही घरच्यांनी नेलं. खरा फरक स्पीच थेरपिस्टनं पाडला. यांचीही आरसीआय नोंदणी असते, मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घशाच्या विभागात विचारलं तर मिळतात. शब्द हळुवार सुरू करायचा, श्वास मोकळा ठेवायचा. सगळ्यात विचित्र म्हणजे मुद्दाम अडखळायचं! एसटीत तिकीट काढताना जाणूनबुजून 'को-को-कोल्हापूर'. लपवायचं कष्ट संपलं की अडखळणंही कमी होतं. पूर्ण गेलेलं नाही. तोंडी परीक्षेत सुरुवातीलाच सांगतो, मी अडखळतो, जरा वेळ द्या. आजवर कुणी नाही म्हटलं नाही.

वडगाव

पन्नाशीत स्कूटर शिकले. एवढंच लिहायचं होतं. मोठ्या मुलानं नव्हे, शेजारच्या पोरीनं शिकवली, मुलगा फार ओरडतो.

अथणी

सगळं वाचलं. माझा भाचा बारावीत आहे. पावसाळ्यापासून कॉलेज बंद, मित्र बंद, जेवणही खोलीत. भाऊजी म्हणतात त्याला पर्सनॅलिटीच्या क्लासला घाला. बेळगावात चांगला कुठला?

टिळकवाडी ४

अथणी, क्लास नको, आधी डॉक्टर. एवढे महिने पोरगं खोलीतून बाहेर येत नसेल तर ते सभाधीटपणाचं काम नव्हे. आज रात्रीच 14416 लावा, केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. भाषा निवडता येते. भाचा बोलत नसेल तर तुम्ही बोला, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरावीक वारी मनोविकारतज्ज्ञ येतात, अथणीत वार कुठला ते तिथं विचारा. जीव नकोसा झाल्याचं तो बोलला असेल तर वाराची वाट बघू नका, सरळ जिल्हा रुग्णालयात आणा.

अथणी

बोललाय, एकदा. भाऊजींना फोन लावतो आता. उद्या पहिल्या बसनं निघतोय.

गोवावेस

निघा. बेळगावात कुणी सोबत हवं असेल तर इथंच लिहा. बाकीच्यांनी कन्नड शिकवणाऱ्या वर्गांचे आणखी अनुभव टाका, हुक्केरी-चिकोडीकडून अजून कुणीच लिहिलेलं नाही.