मुंबईच्या ताजमध्ये एक रात्र: जुन्या इमारतीतला सूट घ्यावा का?

प्रश्न (गिरगावकर)

नमस्कार. येत्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. बाबांची सगळी नोकरी फोर्टातल्या एका बँकेत झाली. पगाराच्या संध्याकाळी ते आईला गेटवेवर नेत आणि समोरच्या घुमटाकडे पाहत दोघे शेंगदाणे खात बसत, एवढाच त्यांचा ताजशी संबंध. त्यांना तिथे एक रात्र सूटमध्ये ठेवावे असे माझ्या मनात आहे. जुनी इमारत घ्यावी की शेजारचा टॉवर? आईचे गुडघे दुखतात आणि २००८ च्या हल्ल्यामुळे तिच्या मनात थोडी धास्तीही आहे.

उत्तर १ (कुलाब्याची सून)

जुनीच इमारत घ्यावी, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. टॉवर सत्तरच्या दशकातला आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यांवरून बंदर दूरवर दिसते, परंतु तुमच्या बाबांनी इतकी वर्षे ज्या घुमटाकडे पाहिले, त्याच्याखाली झोपण्याचे समाधान तिथे मिळणार नाही. आरक्षण करताना समुद्राकडचा सूट हवा असे स्पष्ट सांगून ते लेखी घ्यावे. मुंबईकराला समुद्र म्हटला की सूर्यास्त आठवतो. ताजसमोरचे बंदर मात्र पूर्वेला आहे, त्यामुळे पडदे उघडे ठेवून पहाटे उठल्यास गेटवेच्या मागून सूर्य वर येताना आणि मांडव्याच्या लाँचा निघताना खिडकीतूनच दिसतात. आम्ही राहिलो तेव्हा माझे सासरे तासभर तिथून हलले नाहीत.

लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. भाडे विचारताना मात्र कर धरून विचारावे, कारण एवढ्या दराच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो.

उत्तर २ (जुन्या वास्तूंचा अभ्यासक)

बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या या हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केले. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला, ही दंतकथा आजही मोठ्या हौशीने सांगितली जाते, आणि एका मराठी माणसाच्या कर्तृत्वावर तिने अन्याय केला आहे असे मला मनापासून वाटते. पूर्वी प्रवेश शहराच्या बाजूने होता, जिथे आता पोहण्याचा तलाव आहे; आणि गेटवे तर १९२४ साली खुला झाला, म्हणजे हॉटेलनंतर २१ वर्षांनी.

जाताना लिफ्टने जा, पण आईंना झेपेल तेवढ्या पायऱ्या मधल्या जिन्याने उतरा. घुमटाखालचा तो जिना आणि प्रत्येक मजल्यावर त्याच्याभोवती फिरणारे सज्जे हे त्या वास्तूचे हृदय आहे, आणि ते पाहायला सर्वांत महागडा सूट लागत नाही.

उत्तर ३ (कुलाब्याची सून)

आईंच्या धास्तीविषयी लिहायचे राहिले. प्रवेशाशी सामानाची आणि माणसांची कसून तपासणी होते, तेव्हा सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवा. होरपळलेला जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. त्या हल्ल्यात हॉटेलात मृत्युमुखी पडलेल्यांचे स्मारक आत आहे. तिथे दोन मिनिटे थांबल्यावर माझ्या सासूबाईंचे मन शांत झाले होते.

गिरगावकर

दोघांचेही मनापासून आभार. जुन्या इमारतीतला, समुद्राकडचा सूट आजच विचारतो. वैद्यांविषयी बाबांना मात्र तिथे जिन्यावर उभे राहूनच सांगेन.