स्लॅबच्या उकाड्यात झोप लागत नाही, गोळीशिवाय काय करावं?

स्लॅबखालचा: सोलापूर, वरचा मजला. रात्री 12 लाही छत तापलेलंच. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. श्वासाचं काही असेल तर नीट सांगा ओ.

योगवर्ग: उताणं पडा. नाकाने 4 आकड्यांत श्वास घ्या, 6 ते 8 आकड्यांत सोडा, 10 मिनिटं. बहुतेकजण छाती फुगवून जोरात ओढतात, मग गरगरतं आणि होती ती झोपही उडते. एक हात पोटावर, एक छातीवर ठेवा. पोटावरचाच हलला पाहिजे. दम कोंडू नका. नंतर पायाच्या बोटांपासून वर सरकत एकेक स्नायू 5 सेकंद आवळा, सैल सोडा, 15 सेकंद तसंच पडा. पोटरीत गोळा येत असेल तर ती जपून.

दक्षिण कसबा: आधी छत बघा की! गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. पाणी मारा म्हटलं असतं, पण नळाला रोज कुठे येतंय. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करा, गार नको. कोमट पाण्याने कातडीकडे रक्त वाढतं, आतली उष्णता बाहेर पडते. गार पाण्याने उलटं होतं.

स्लॅबखालचा: आणि मध्येच जाग आली तर?

योगवर्ग: घड्याळ बघू नका. अंदाजे 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत अंथरुणात. सकाळी उठायची वेळ मात्र तीच. दुपारी 3 नंतर चहा बंद. घोरताना श्वास अडकत असेल तर डॉक्टरांनाच दाखवा.