नातवाची सुंता: जावई म्हणतो करू, मी म्हणते कशाला?

आजी_ऑन_ड्यूटी:
लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत आलेय. नातू दोन दिवसांचा. सकाळी नर्स विचारून गेली, "सुंता करायची ना?" चहात साखर घालू ना, त्याच सुरात! जावई म्हणतो, इथे पुष्कळजण करतात, पुढे इन्फेक्शनची कटकट नको. लेक गप्प. धडधाकट लेकराला सुरी लावायची कशाला?

चष्मेवाला:
आजी, जावईबापू अगदीच हवेत बोलत नाहीत. दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडात हजारो पुरुषांवर चाचण्या झाल्या. सुंता झालेल्यांना स्त्रियांकडून एचआयव्ही लागण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी भरलं. आतल्या नाजूक कातडीतून विषाणू सहज शिरतो, ती कातडीच उरत नाही. आपल्या पुण्यातही गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांचा अभ्यास झाला, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथेही तेच.

तिरकस_तात्या:
पुण्याचं अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात गरमी, परमा आणि हर्पिसपासून काडीचं संरक्षण दिसलं नाही. आफ्रिकेतले पुरुष कळते होते, स्वतः हो म्हणून आले होते. जागतिक आरोग्य संघटनेची २००७ची शिफारसही एचआयव्ही बोकाळलेल्या भागांसाठी. दुपट्यातल्या पोराचा काय संबंध?

चष्मेवाला:
लघवीचं इन्फेक्शन तरी दुपट्यातलंच ना? पहिल्या वर्षात ते कमी होतं.

तिरकस_तात्या:
होतं. पण एका बाळाचं टाळायला शंभरेक बाळांची कातडी कापायची! अमेरिकेची बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१२ साली म्हणाली, फायदे धोक्यांहून जास्त, पण सरसकट करा म्हणण्याइतके नाहीत. डच डॉक्टरांची संघटना तर २०१०पासून उघड विरोधात आहे.

रेवदंडेकर:
आम्ही कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. आमच्यात आठव्या दिवशी सुंता होते, ती देवाशी केलेल्या कराराची खूण म्हणून. तिला एचआयव्हीचा टेकू आम्ही कधी शोधला नाही. आजी, तुमच्याकडे ते कारण नाही, मग घाई कसली?

साखरसम्राट:
माझी बावन्नाव्या वर्षी झाली. शुगर वाढलेली, कातडीला चिरा पडायच्या, मागे सरकेना. आठ दिवस लुंगीत काढले, पण सुटलो बुवा. गरज पडली की तेव्हा करता येते. आणि आजी, तेल लावून बाळाची कातडी मागे ओढू नका हं. जन्मतः ती चिकटलेलीच असते, वयाबरोबर आपोआप सुटते. ओढून जखम झाली तर तीच पुढे आवळते.

चष्मेवाला:
बावन्नाव्या वर्षी टाके घालून घेण्यापेक्षा पाळण्यात उरकलेलं काय वाईट? बाळाची जखम लवकर भरते.

तिरकस_तात्या:
बावन्नाव्या वर्षी त्यांना विचारलं होतं. पाळण्यात कोण विचारतंय?

आजी_ऑन_ड्यूटी:
अगबाई, ओढायचं नसतं? मी दोन्ही मुलांना रोज न्हाऊ घालताना ओढायचे! असो. लेकीने "नाही"वर खूण केली. जावई जरा घुश्शात आहे, संध्याकाळी शिरा करते.