कागदी पिशवीच्या उपायाबद्दल
पॅनिक अटॅक (अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका) आल्यास कागदी पिशवीत श्वास घ्यावा, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. भीतीने श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि चक्कर, बोटांना व ओठांभोवती येणाऱ्या मुंग्या यांचे बरेचसे कारण तेच असते. पिशवीत सोडलेलाच श्वास पुन्हा आत घेतला की तो वायू परत वाढतो, म्हणून हा उपाय तर्काला पटतो. परंतु तो त्रास प्रत्यक्षात दम्याचा किंवा हृदयविकाराचा असेल, तर प्राणवायू कमी पडून जिवावर बेतू शकते.

माझ्या पहिल्या अटॅकच्या वेळी डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला आणि तो व्यवस्थित आल्यावरच नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून अधिक वेळ सोडत राहण्यास सांगितले. साधारण १० मिनिटांत त्रास ओसरू लागला. तोवर मात्र आपण मरतो आहोत याची मला पूर्ण खात्री होती.