एसटीच्या मुक्कामी गाडीचा भरवसा राहिला नाही, दुकान आणि कामावर येणाऱ्या बाया दोन्ही अडचणीत. काय करावं?

कापड दुकान, जालना जिल्हा
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात माझं कापडाचं दुकान आहे, कामाला तीन पोरी, तिघी आजूबाजूच्या खेड्यातल्या. आधी रात्री त्यांच्याकडच्या खेड्यात गाडी मुक्कामाला यायची आणि सकाळी साडेसातला इकडं निघायची, शाळेची पोरं, दूधवाले, कामाच्या बाया सगळे तिलाच. आता ती कधी येते कधी नाही, आली तर कधी आठ कधी साडेनऊ. बंदच झाली असती तर माणूस दुसरी सोय बघतो, पण येईल येईल म्हणून पोरी फाट्यावर उभ्या राहायल्यात आणि शेवटी काळीपिवळीत दाटीवाटीनं यायल्यात. संध्याकाळी साडेपाचची चुकली तर पुढची येईलच असं नाही, म्हणून पाचलाच त्यांची चुळबुळ सुरू, आणि लग्नसराईत बस्त्याचं गिऱ्हाईक तर पाचनंतरच येतं. बाजाराच्या दिवशी बायांनी साडी पसंत केलेली असते, घडी मोडलेली असते, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं गाडी लागली, की उठल्या. सांगायचं कुणाला?

वाळूज फर्स्ट शिफ्ट
दादा शहरात पण तेच आहे. मी वाळूजला कंत्राटी, कंपनीची बस पर्मनंट लोकांना, आपण आपल्या हिकमतीनं जायचं. सातच्या शिफ्टला गेटवर उशीर झाला की अर्धा दिवस कट, परत परत झालं की हजेरी बोनस पण गेला, आणि रोज रिक्षा केली तर पगारात उरतं काय. ठेकेदार नवीन पोराला पहिलं विचारतो, गाडी आहे का? नसली तर काम पण नाही.

शेतकरीपुत्र
पण आता घरोघरी मोटारसायकल आहे भाऊ. चार माणसांसाठी डिझेल कशाला जाळायचं?

शिलाईवाली
घरोघरी आहे ती कुणाच्या हातात आहे ते पण बघा दादा. नवरा नाहीतर दीर, आम्ही मागं बसणार त्यांना वेळ असला तर. मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं तेव्हापासून मी स्वतः जालन्याला जाऊन अस्तर, लेस, हूक होलसेलमध्ये आणते, आधी गावातच चढ्या भावानं घ्यायचे. गेल्यावर तिथं चहा-नाष्टा होतो, पोरांना काहीबाही घेणं होतं, म्हणजे पैसा बाजारातच राहिला ना? पण परतीच्या गाडीचा नेम नसला की घरचे निघूच देत नाहीत, मग तिकीट अर्धं असून काय उपयोग.

रिटायर कंडक्टर
मोटारसायकलवाल्या भावाला सांगतो, माणसं चारच का दिसतात ते समजून घ्या. गाडीची वेळ हुकायला लागली की काळीपिवळी तिच्या आधी भरून निघते, मागून गाडी रिकामी जाते, भारमान म्हणजे भरलेल्या सीटांचं प्रमाण पडतं, आणि कागदावर ती फेरी तोट्याची होते. पहिले कापली जाते ती अशीच फेरी. माणसं कमी झाली नाहीत, ती दुसऱ्या गाडीत गेली.

दुकानदार साहेब, तोंडी सांगून काही होत नाही. एक वही करा, गाडी किती वाजता आली, फाट्यावर किती माणसं होती, रोज लिहा, महिनाभर. त्याला ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेचं पत्र आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या सह्या जोडून आगार व्यवस्थापकाला अर्ज, प्रत विभाग नियंत्रकाला, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. कामाच्या पोरींना मासिक पास काढून द्या, २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवसांचा प्रवास होतो आणि रोज जाणारी माणसं किती ते रेकॉर्डवर येतं. अजून एक, हे कुणी बोलत नाही. मुक्कामाला ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली, पाणी, संडास नसला तर ती ड्युटी कुणाला नको असते. मी स्वतः पावसाळ्यात गाडीतच सीटवर झोपून रात्री काढल्यात, डास फोडून खायचे. गावानं तेवढी सोय केली तर अर्धं काम तिथंच होतं.

कापड दुकान, जालना जिल्हा
खोलीचं डोक्यातच आलं नव्हतं. मुक्कामाच्या गावात समाजमंदिराची खोली रिकामी आहे, तिथल्या सरपंचाला आजच बोलतो. २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा स्टँडसमोरचे हॉटेलवाले, रसवंतीवाले, मोबाईलवाले सगळे बसून होते, त्यामुळं सह्या द्यायला कुणी मागं हटणार नाही. शाळेचं पत्र साध्या कागदावर चालतं का?

रिटायर कंडक्टर
लेटरहेडवर घ्या, जावक नंबर टाकून. आणि अर्जात नुसतं गाडी सुरू करा असं लिहू नका, सकाळी साडेसात आणि संध्याकाळी सात अशा वेळा लिहा, शाळा आणि दुकानं किती वाजता सुटतात ते पण लिहा.